लंडनमध्ये तिकीट न काढता एक आठवडा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला असा समजला: मुलीचा पदवीदान समारंभ आहे, त्यासाठी तुम्ही दोघं नाशिकहून लंडनला येताय आणि आठवडाभर तिच्या भाड्याच्या घरी राहणार आहात. विमानाचं तिकीट आणि व्हिसा यातच जमवलेले पैसे गेले. आता लंडन आयचा उंच पाळणा, टॉवर ऑफ लंडन, बसटूर यांचे दर बघून वाटतंय की समारंभाचा दिवस सोडला तर बाकी सगळे दिवस घरात बसून काढावे लागणार. पैसे न घालवता लंडन बघता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

नक्की येईल. मराठी पाहुण्यांना पायी हिंडवून लंडन दाखवणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे, आणि माझ्या फेऱ्यांमध्ये तिकिटाच्या जागा क्वचितच असतात. या शहराकडे जे सर्वात मोलाचं आहे, त्यातलं बरंचसं सगळ्यांना खुलं आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, व्ही अँड ए (म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), सायन्स म्युझियम यांतली कायमची दालनं बघायला काही पडत नाही. ज्या राष्ट्रीय संग्रहालयांत मध्यंतरी प्रवेशमूल्य सुरू झालं होतं, तिथलंही डिसेंबर २००१ मध्ये काढून टाकलं गेलं.

पण माझ्या अनुभवात खरी अडचण तिकिटांची नसते. पाहुण्यांचे पैसे कुठे जातात ते मी रोज बघते. सकाळी एक ठिकाण, दुपारी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला दुसरं, मध्ये दोन-तीनदा ट्यूब, म्हणजे इथली भुयारी रेल्वे. पाय भरून आले की टेकायला म्हणून कॉफी. भूक लागली की समोर दिसेल ते सँडविच. पाऊस आला की आडोशाला दुकान, आणि दुकानात शिरलं की खरेदी. रात्री हिशोब केला की दोघांचे पन्नास-साठ पौंड सहज उडालेले असतात आणि बघून काय झालं तर धड काहीच नाही. म्हणून माझा नियम असा: एका दिवशी एकच भाग. आणि त्या भागात बसायचं कुठे, पाऊस आला तर शिरायचं कुठे, डबा उघडायचा कुठे, हे घरातून निघण्याआधीच ठरलेलं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. समारंभ जुलैत आहे की डिसेंबरात, ते तुम्ही लिहिलेलं नाही. जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो. उन्हाळ्यात आलात तर दिवस बाहेर काढा आणि संध्याकाळही बाहेरच. हिवाळ्यात मात्र चालणं सकाळी उरकून दुपारी संग्रहालयात जा. दुसरी गोष्ट गुडघे. खाली मी जे सांगणार आहे त्यात तीन-चार किलोमीटर चालणं आहे, सावकाश, थांबत थांबत. ते झेपत नसेल तर तेवढाच भाग अर्धा करा. तिसरी गोष्ट, मुलीचं घर किती लांब आहे.

कारण पायी जाता येणार नाही तिथे बस लागेल, आणि तेवढा एक खर्च मी मोकळेपणाने करायला सांगते. बसचं भाडं अंतर कितीही असलं तरी एकच. गेली काही वर्षं ते १.७५ पौंड आहे. पहिल्या बसला कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी बस घेतली तरी पुन्हा पैसे कापले जात नाहीत, फक्त प्रत्येक वेळी तेच कार्ड टेकवायचं. दोघांनी एकच कार्ड वापरून चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं हवं. रोख पैसे बसमध्ये घेतच नाहीत. चढताना टेकवायचं, उतरताना नाही. इथल्या ज्येष्ठांना मिळणारा मोफत पास फक्त इथे राहणाऱ्यांना आहे, त्यामुळे त्याच्या मागे लागू नका. आणि बसला वेळ लागतो म्हणून कुरकुर करू नका; वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा धरली की तीच तुमची बसटूर. २४ नंबरची बस हॅम्पस्टेड हीथवरून निघते, कॅमडनमधून ट्रॅफल्गर स्क्वेअर, व्हाइटहॉल, पार्लमेंट करत जाते. टूरवाले हाच रस्ता दाखवायचे भरपूर पैसे घेतात.

आता माझी सगळ्यात आवडती फेरी सांगते, कारण ती मराठी माणसाने एकदा तरी चालावी असं मला मनापासून वाटतं. सुरुवात लिटल व्हेनिसला. तिथे कालव्यालगत एक गल्ली सोडून हाउली प्लेस नावाचा शांत रस्ता आहे. त्यातल्या १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे: लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहत होते. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते लंडनला आले होते. खटला हरले, पण इथल्या मुक्कामात त्यांनी स्वराज्याची बाजू इंग्रज श्रोत्यांपुढे मांडली. घर खाजगी आहे, त्यामुळे पाटी रस्त्यावरूनच बघायची, बेल वाजवायची नाही.

तिथून माइडा अ‍ॅव्हेन्यूने कालव्याच्या कडेकडेने एजवेअर रोडपर्यंत या. इथे कालवा बोगद्यात शिरतो आणि बोगद्यात पायवाट नाही, म्हणून रस्ता ओलांडून समोरच्या अबर्डीन प्लेसने पुढे जायचं आणि मग पायऱ्या उतरून पाण्याच्या काठाला लागायचं. हा रीजंट्स कॅनॉल १८२० मध्ये पुरा झाला. काठची वाट माणसांसाठी केलेलीच नव्हती, होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. आता तिथे सायकली येतात. मागून घंटी वाजली की कडेला व्हा.

पुढे मॅकल्सफील्ड ब्रिज लागतो. त्याच्या खाली थांबा आणि लोखंडी खांब नीट बघा. १८७४ च्या ऑक्टोबरात बंदुकीची दारू घेऊन चाललेल्या होडीचा या पुलाखाली स्फोट झाला. होडीवरची माणसं गेली, पूल उडाला. परत बांधताना जुनेच खांब वापरले, पण फिरवून बसवले. होडी ओढणारा दोर वर्षानुवर्षं घासून खांबाच्या लोखंडात खाचा पडतात. स्फोटाआधीच्या खाचा आता खांबाच्या पाठीला आहेत आणि नंतरच्या पाण्याच्या बाजूला. दोन्हीकडे बोट फिरवून बघा, बोट आत बसतं. मी इथे पाहुण्यांना गप्प उभं राहू देते. तिकिटाच्या कुठल्या दालनात तुम्हाला दीडशे वर्षांपूर्वीच्या वस्तूला असा हात लावू देतील?

मग लंडन झू लागतं. कालवा प्राणिसंग्रहालयाच्या मधूनच जातो, त्यामुळे पक्ष्यांसाठी बांधलेला तो उंच जाळीचा जुना पिंजरा काठावरूनच दिसतो. आता त्यात माकडं ठेवली आहेत. त्याच्या पुढे वर चढून प्रिमरोझ हिलवर जा. टेकडी पर्वतीएवढीही नाही, गवतातून वाट आहे, पण माथ्यावरून अख्खं मध्य लंडन समोर उभं राहतं. डबा इथे उघडायचा. सोबत एक जुनी चादर असली की झालं.

टेकडीच्या पलीकडे उतरलं की किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ही वास्तू विकत घेतली आणि तिथे स्मारक केलं. प्रवेश मोफत आहे. कोणत्या वारी आणि किती वाजता उघडतं ते निघण्याआधी बघून घ्या. तुमची मुलगी शिकायला आली आहे म्हणून हे मुद्दाम सांगते. बाबासाहेबांनी लंडनमधले दिवस फार ओढाताणीत काढले. सकाळी ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय उघडलं की जाऊन बसायचं आणि बंद होईपर्यंत उठायचं नाही, पोटाला पुरेसं मिळत नव्हतं तरी. मुलीला बरोबर घेऊन या घरात जा. खाली चालत कॅमडनला आलात की परतीला मघाची २४ नंबरची बस मिळते.

ब्रिटिश म्युझियमचा दिवस याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे मधल्या चौकातली ती गोल इमारत दिसली की धागा लागेल: तेच ते वाचनालय, १८५७ सालचं. या संग्रहालयात लोक एक चूक हमखास करतात. सगळं बघायचं ठरवतात, रोझेटा स्टोन आणि ममीसमोरच्या गर्दीत तासभर उभे राहतात आणि दमून बाहेर पडतात. माझं म्हणणं, दोन दालनं निवडा. त्यातलं एक अमरावतीचं असू द्या. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे चुनखडीतले शिल्पपट इथे आहेत आणि तिकडे गर्दी कमी असते. त्यात एक शिला दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. आधी कोरलेल्या बाजूला बोधिवृक्ष आणि रिकामं आसन, भोवती नमस्कार करणारी माणसं. बुद्धाची मूर्ती नाही. काही शतकांनंतर तीच शिला उलटवून पाठीवर सजवलेला अख्खा स्तूप कोरला. तुम्ही पांडवलेणी बघितलेल्या गावचे आहात. तिथल्या चैत्यात मधोमध स्तूपच आहे, हे आठवलं की त्या रिकाम्या आसनाचा अर्थ इथल्या इतर बघ्यांपेक्षा तुम्हाला लवकर कळेल.

व्ही अँड एबद्दल एक खुलासा, कारण प्रत्येक मराठी पाहुणा विचारतो. शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं संग्रहालयाने २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली आणि त्या जुलैत ती साताऱ्यात प्रदर्शनात मांडली गेली. तेव्हा फक्त त्यांच्यासाठी जाणार असाल तर आधी चौकशी करा. तसं ते संग्रहालय अफाट आहे. रोमच्या ट्रेजन स्तंभाची पूर्ण उंचीची प्रतिकृती छताखाली मावेना म्हणून दोन तुकडे करून उभी केली आहे, ती बघा. शुक्रवारी ते रात्री दहापर्यंत उघडं असतं. शेजारीच नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये देवमाशाचा २५ मीटर लांब सांगाडा छताला टांगला आहे. शाळांच्या सुट्ट्यांत तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सकाळी उघडतानाच जा.

नॅशनल गॅलरी पावसासाठी राखून ठेवा. ट्रॅफल्गर स्क्वेअरवर आहे, आत भरपूर बाकं आहेत, आणि एका चित्रासमोर अर्धा तास बसलं तरी कुणी उठवत नाही.

ग्रिनिचला एक पूर्ण दिवस द्या. वॉटर्लूहून १८८ नंबरची बस जाते. टेकडीवरच्या वेधशाळेत आत जायला तिकीट आहे आणि बहुतेक लोक शून्य रेखांशाच्या पट्टीवर पाय ठेवून फोटो काढायला म्हणून ते काढतात. ती रेषा वेधशाळेच्या अंगणात संपत नाही. बाहेरच्या बाजूने खाली जाणाऱ्या पायवाटेवर, भिंतीत तिची खूण आहे. तिथे उभं राहायला पैसे नाहीत. फाटकाजवळच्या भिंतीत १८५२ चं घड्याळ आहे. त्याची तबकडी चोवीस तासांची, म्हणजे दुपारी बारा वाजता काटा खाली असतो. उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे करतात, पण हे वर्षभर ग्रिनिचचीच वेळ दाखवतं, त्यामुळे तेव्हा तुमच्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा एक तास मागे दिसेल. त्यात साडेपाच तास मिळवा, नाशिकला किती वाजले ते कळेल. छतावरचा लाल गोळा रोज दुपारी एकला खाली पडतो, १८३३ पासून. नदीतल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून ही सोय होती. एकच्या आधी पाच मिनिटं पोचा.

खाली नॅशनल मेरिटाइम म्युझियम मोफत आहे. ट्रॅफल्गरच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनने घातलेला कोट तिथे आहे, डाव्या खांद्याला गोळीचं भोक असलेला. शेजारचं क्वीन्स हाउसही मोफत. मग नदीकाठी या. कटी सार्क जहाजाजवळ एक घुमटीसारखी इमारत दिसेल, तिच्यातून जिना आणि लिफ्ट नदीच्या खाली उतरतात. १९०२ चा हा पायी जायचा बोगदा पलीकडच्या गोदीत कामाला जाणाऱ्या मजुरांसाठी बांधला होता. आत पांढऱ्या फरशा, डोक्यावर थेम्स. पलीकडे आयलंड गार्डन्सला निघालात की मागे वळून बघा. ग्रिनिचचा सर्वात देखणा देखावा त्या काठावरूनच दिसतो. नावेत बसायची हौस असेल तर पूर्वेला वुलिच फेरी आहे, १८८९ पासून नदीपार मोफत नेते. ती मोटारी-ट्रकची साधी फेरी आहे, सहलीची नाव नव्हे, आणि कधीकधी बंदही असते.

वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी आणि सेंट पॉल्स ही मोठी चर्चेस आतून बघायला माणशी पंचवीस-तीस पौंड लागतात. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला, जिला इव्हनसाँग म्हणतात, कुणीही मोफत येऊ शकतं. बहुतेक दिवशी ती पाचच्या सुमाराला असते. बुधवारी अ‍ॅबीत सहसा गायन नसतं, तो वार टाळा. इथे माझी एक कळकळीची विनंती आहे. ही तिकीट वाचवायची पळवाट समजून जाऊ नका. ती उपासना आहे. आपल्याकडे काकड आरतीला परका माणूस येऊन बसला तर त्याने जसं वागावं तसं वागा. फोन बंद, फोटो नाही, मधूनच उठायचं नाही. पाऊण तास त्या उंच कमानींखाली मुलांचे आणि पुरुषांचे आवाज एकमेकांत मिसळताना ऐकायला मिळतात. मी नेलेल्या कित्येक पाहुण्यांना अख्ख्या लंडनमधून तेवढंच लक्षात राहिलं आहे.

उंचावरून शहर बघायचं असेल तर लंडन आयचे पैसे वाचवा. स्काय गार्डन आणि हॉरायझन २२ या दोन्ही उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर मोफत प्रवेश आहे, फक्त आधी वेळ राखून ठेवावी लागते आणि जागा पटकन संपतात. न जमलं तर फेनचर्च स्ट्रीटवरच्या १२० नंबरच्या इमारतीच्या गच्चीवर बाग आहे, तिथे वेळ राखावी लागत नाही.

बकिंगहॅम राजवाड्यासमोरची पहारा बदलण्याची कवायत मी सहसा गाळते. चांगली जागा मिळायला तासभर आधी उभं राहावं लागतं आणि तरी पुढच्याच्या डोक्याशिवाय काही दिसत नाही. व्हाइटहॉलवरच्या हॉर्स गार्ड्सला अकरा वाजता, रविवारी दहाला, घोडेस्वारांचा पहारा बदलतो, तो अगदी जवळून दिसतो. तिथून सेंट जेम्स पार्क लागूनच आहे. बागेतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी आरामखुर्च्यांवर मात्र बसू नका. त्या भाड्याच्या असतात आणि बसलात की माणूस पैसे मागायला येतो. लाकडी बाकं आणि गवत आपलं.

नदीच्या दक्षिण काठावर रॉयल फेस्टिव्हल हॉलची खालची मोकळी दालनं दिवसभर सगळ्यांना उघडी असतात. खुर्च्या आहेत, स्वच्छतागृह आहे, काही घ्या म्हणून कुणी मागे लागत नाही. वेस्टमिन्स्टरपासून टॉवर ब्रिजपर्यंत काठाने चाललात तर विसाव्याची हीच जागा. वेस्टमिन्स्टर पुलावर तीन वाट्या आणि गोळीचा खेळ मांडलेला दिसेल. भोवती जिंकणारी माणसं त्यांचीच असतात, तिथे थांबूसुद्धा नका. टॉवर ब्रिजवरून चालायला पैसे नाहीत, आणि तो कधी उघडणार याच्या वेळा त्यांच्या संकेतस्थळावर आधीच लावलेल्या असतात. जहाज यायच्या वेळी काठावर उभं राहा.

खाण्याचं. भारतातून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, म्हणून पेढे, खव्याच्या पोळ्या, तूप भरू नका. विमानतळावर टाकून द्यावं लागलं तर जीव हळहळतो. चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी खुशाल आणा. सकाळी मुलीच्या स्वयंपाकघरात पोळ्या करून डबा बांधा. नळाचं पाणी पिण्याचंच असतं, बाटली रिकामी झाली की कुठल्याही संग्रहालयात भरा. वॉटर्लू, व्हिक्टोरिया, किंग्ज क्रॉस अशा मोठ्या स्टेशनांतली स्वच्छतागृहं २०१९ पासून मोफत आहेत, हे बऱ्याच पाहुण्यांना ठाऊक नसतं आणि त्यासाठी ते हॉटेलात चहा घेतात.

संग्रहालयाच्या दारात देणगीचं यंत्र असतं आणि त्यावर पाच-दहा पौंडांचा आकडा दिसतो. ते ऐच्छिक आहे. न देता आत गेलात तर कुणी वाकड्या नजरेने बघत नाही.

दिवस लावताना एवढं करा: पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कालव्याची फेरी, कारण पाय मोकळे होतात आणि झोपेचं चक्र उजेडात लवकर जुळतं. ग्रिनिच कोरड्या दिवशी. शुक्रवारची संध्याकाळ व्ही अँड एला. समारंभाच्या आदल्या दिवशी काहीच नको, साड्यांना इस्त्री आणि आराम. आणि मुलीला आजच कळवा, स्काय गार्डनच्या वेळा साधारण तीन आठवडे आधी सोमवारी सकाळी खुल्या होतात. तुमची तारीख धरून तिने तेव्हा तिघांसाठी सूर्यास्ताच्या आधीची वेळ घेऊन ठेवावी.